नवा टॅब बिघडलाय असं ठरवण्याआधी

सर्वात आधी चार्जर बघा. फोनचा जुना ५ वॅटचा चार्जर लावला की टॅब रात्रभर लावूनही पूर्ण भरेलच असं नाही, आणि वापरता वापरता लावला तर टक्के चक्क उतरूही शकतात. सोबत आलेला चार्जर आणि केबल वापरून बघा, मगच बॅटरीला दोष द्या. पूर्ण उतरलेला टॅब लावल्या लावल्या बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. अर्धा तास तसाच राहू द्या. तरीही ढिम्म असेल तर पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. काही मॉडेलमध्ये सोबत आवाज कमी करायचं बटणही दाबावं लागतं.

स्क्रीन आपोआप टच होतेय? चार्जर काढा. थांबलं, तर दोष बहुतेक चार्जरचा. नाही थांबलं, तर स्क्रीनगार्ड काढून बघा, मग सेफ मोडमध्ये (म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून) सुरू करा. तिथेही तेच चाललं तर मात्र हार्डवेअरवर संशय घ्यायला हरकत नाही.

स्क्रीन मधेच बंद पडत असेल तर कव्हर काढा. फ्लिप कव्हरमधल्या चुंबकामुळे टॅबला वाटतं झाकण मिटलं, आणि तो झोपतो. कव्हर मागे दुमडल्यावरही हे होऊ शकतं. लोक यासाठी उगाच फॅक्टरी रीसेट मारतात, म्हणजे टॅबमधलं सगळं पुसून टाकतात!

डेड पिक्सेल (स्क्रीनवरचा बंद पडलेला ठिपका) किंवा हलणारा चार्जिंग पोर्ट घरी सुधारत नाही. व्हिडिओ काढून ठेवा आणि बदलून मिळण्याची मुदत आहे तोवर परत करा. स्वतः उघडलात तर वॉरंटीवरून वाद होणारच.