शब्दांची भावकी आणि शब्दांचा शेजार

प्रश्न : मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एसएससी सीजीएलची, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या पदवीधर परीक्षेची, तयारी करतोय. गणित, रिझनिंग जमतं; इंग्रजी समानार्थी शब्दांत मार खातो. रोज ३० शब्द पाठ करतो, आठवड्याने निम्मेही आठवत नाहीत. मित्र म्हणतो, लॅटिन मुळं शिकलास की न पाहिलेल्या शब्दाचाही अर्थ लागेल. ही मुळं शिकवणारा ऑनलाइन कोर्स साडेतीन हजारांना आहे. घरी पैसे मागू का?

उत्तर : मागू नकोस. मुळं शिकायला कोर्स लागत नाही. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाच्या नोंदीतच त्याची व्युत्पत्ती दिलेली असते आणि ती मोबाइलवर फुकट वाचता येते.

मित्राचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलांचे गुण जातात, म्हणून ते नीट सांगते.

लॅटिनमध्ये 'लोक्वि' म्हणजे बोलणं. त्यावरून लोक्वेशस म्हणजे बडबड्या, एलोक्वंट म्हणजे प्रभावी बोलणारा, कलोक्विअल म्हणजे बोलीतलं. 'सोलस' म्हणजे एकटा, म्हणून सॉलिलोक्वी म्हणजे नाटकातलं स्वगत. 'व्हेंटर' म्हणजे पोट, म्हणून व्हेंट्रिलोक्विस्ट म्हणजे पोटातून बोलणारा, आपला शब्दभ्रमकार. रामदास पाध्ये अर्धवटरावाला बोलतं करतात ना, ती कला. पाच शब्द असे एका दोऱ्यात ओवले की सुटे पाठ करावे लागत नाहीत. तुझी विसरण्याची तक्रार इथे बरीच कमी होईल.

आता पेपरातला प्रश्न बघ. लोक्वेशसचा समानार्थी शब्द कोणता : एलोक्वंट, टॉकेटिव्ह, पोलाइट की सायलेंट? ज्याने नुसती मुळं घोकली आहेत तो एलोक्वंटवर खूण करतो आणि चुकतो. एलोक्वंट ही स्तुती आहे. लोक्वेशस म्हणणारा माणूस ऐकून ऐकून कंटाळलेला असतो. उत्तर टॉकेटिव्ह.

एका मुळाचे शब्द ही भावकी, आणि समानार्थी शब्द हा शेजार, हे पक्कं लक्षात ठेव. भावकीत आडनाव एक असतं, स्वभाव एक असेलच असं नाही. शेजारी वेगळ्या आडनावाचा असतो आणि अडीनडीला तोच धावून येतो. लोक्वेशसच्या शेजारी गॅर्युलस राहतो, तो 'गॅरिरे' म्हणजे वटवट करणं या मुळाचा. पलीकडे व्होल्युबल, तो 'व्होल्व्हेरे' म्हणजे गोल फिरणं यावरून आलेला. जिभेला चाक लावल्यासारखा घडाघडा बोलणारा. रिव्हॉल्व्ह, रिव्होल्यूशन ही त्याची भावकी, पण अर्थाने ते कुठल्या कुठे.

हे असं का झालं, ते मराठी माणसाला पटकन कळेल. आपण काळजी म्हणतो, चिंता म्हणतो, फिकीर म्हणतो. एक घरचा, एक संस्कृतातून घेतलेला, एक फारसीच्या वाटेने आलेला अरबी. इंग्रजीचंही तेच. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली, जी लॅटिनचीच लेक. चर्चमधून आणि विद्वानांकडून थेट लॅटिनही येत राहिली. म्हणून 'राजाला शोभेलसं' म्हणायला त्यांच्याकडे किंगली, रॉयल आणि रीगल असे तिन्ही आहेत. रीगलच्या मागे 'रेक्स' आहे, आणि तो आपल्या राजन् शब्दाचा नातलग. या भाषा तुला वाटतात तितक्या परक्या नाहीत.

उपसर्गांचंही तसंच. शाळेत तत् + लीन = तल्लीन शिकलास ना? इन् + लीगल = इल्लीगल ही तीच तऱ्हा. पुढच्या अक्षरासाठी मागचं बदलतं. हे ओळखता आलं की उपसर्ग लपून बसत नाही. तुझ्या मार्कशीटवरचा 'अ‍ॅग्रिगेट' घे. तो 'अ‍ॅड' म्हणजे कडे आणि 'ग्रेक्स' म्हणजे कळप. सगळे गुण एका कळपात हाकलेले. सेग्रिगेट म्हणजे कळपातून वेगळं काढणं, ग्रिगेरिअस म्हणजे माणसांत रमणारा. एग्रीजस म्हणजे मुळात 'कळपातून उठून दिसणारा'. पूर्वी तो चांगल्या अर्थानेही वापरत. आज त्याचा अर्थ धडधडीत वाईट. मूळ तुला दारापर्यंत आणून सोडतं. आत कोण राहतं ते वाक्यातच कळतं.

गेल्या वर्षी माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीने एनर्व्हेट या शब्दाला 'उत्साह देणे' अशी खूण केली होती. एनर्जीसारखा वाटला, म्हणाली. मी तिला शब्द फोडायला लावला. 'ए' म्हणजे बाहेर, 'नर्व्हस' म्हणजे शरीरातली शीर, स्नायू. शिराच काढून घेतल्या तर माणसाचं काय होईल? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, गलितगात्र. मग तिने तोच शब्द वहीत लिहिला. इंग्रजी अर्थापेक्षा तो जास्त टिकला, कारण तो तिचा तिने शोधला होता. तूही अर्थ स्वतःच्या मराठीत लिही, यादीतून उतरवू नकोस.

तेव्हा ३० शब्दांची यादी बंद कर. दोनशे पानी वही घे. आठवड्याला दोन मुळं, रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. टिअर-१ मध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न असतात आणि समानार्थी शब्द हा त्यातला एक तुकडा, त्यापायी गणिताचा सराव मोडू नकोस. डाव्या पानावर भावकी लिही, उजव्या पानावर प्रत्येकाचा शेजार, आणि पुढे खूण कर : स्तुती, निंदा की नुसतं वर्णन. शब्द निवडताना मागच्या वर्षांच्या पेपरांत तुझे चुकलेलेच आधी घे.

आणि स्टिंजी, ब्लीक, श्रूड असे शब्द फोडायला जाऊ नकोस, ते लॅटिनचे नाहीतच. त्यांच्यासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाच आणि शब्द दिसला की अख्खं वाक्य उतरवून घे. पेपरात शब्द ओळखता आला नाही, तर मुळाच्या आधाराने आधी पर्याय बाद कर. दोन बाद झाले तर विचार करून खूण कर. एकही बाद होत नसेल तर सोडून दे, चुकीला अर्धा गुण जातो.

पहिल्या आठवड्यासाठी 'लोक्वि' आणि 'ग्रेक्स' घे, निम्मं काम वर झालंच आहे. दुसऱ्या आठवड्याला 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन, आत्मा : मॅग्नॅनिमस, युनॅनिमस, इक्वॅनिमिटी. मॅग्नॅनिमस फोडताना महात्मा हा शब्द शेजारी लिहून बघ. महिन्याभराने उजव्या पानांचे फोटो पाठव. शेजार बरोबर लागतोय का, ते मी तपासून देईन.