भर उन्हात, दुपारी बाराएकच्या सुमारास सोलर इन्व्हर्टर वारंवार बंद का पडतो?

पॅनेलचा दोष बहुधा नसतो. वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला आपला व्होल्टेज वीज कंपनीच्या लाइनपेक्षा किंचित वर न्यावा लागतो. दुपारी वापर कमी, त्यात शेजारच्या छतांवरचीही वीज त्याच लाइनवर, म्हणून व्होल्टेज चढत जातो. मर्यादा ओलांडली (230 व्होल्टच्या जोडणीत बहुधा 253 च्या आसपास) की इन्व्हर्टर स्वतःहून लाइनपासून सुटतो.

आधी एरर कोड बघा. तो ओव्हरव्होल्टेजचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून भर दुपारी इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी, दोन्हीकडे एकाच वेळी व्होल्टेज मोजून घ्या. फरक चार-पाच व्होल्टच्या वर गेला तर दोष तुमच्याच केबलचा. सिंगल फेज 5 किलोवॅट म्हणजे साधारण 22 अँपिअर. 30 मीटर अंतरात 4 चौ. मिमी तांब्याच्या केबलवर 6 व्होल्ट चढतात, 10 चौ. मिमीवर जेमतेम अडीच. ढिला न्यूट्रलही हेच करतो, आणि तो जास्त धोकादायक.

मीटरपाशीच 250 दिसत असतील तर वेळेनिशी नोंदी जोडून वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर येणारा व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्याची मागणी करा. तोवर पंप, गीझर दुपारी चालवा. सेटिंगमधली मर्यादा परस्पर वाढवू नका. तो चढा व्होल्टेज घरातल्या फ्रिज-टीव्हीलाही सोसावा लागतो.