निपाणीचं घर, कोल्हापूरचं बिल आणि पांढरा पडलेला व्ह्यूअर

दादा, तुम्ही लिहिलंय की आई-बाबा निपाणीत, तुम्ही पुण्यात, डिजिटल डोअर व्ह्यूअर (दाराबाहेर कोण आहे ते आतल्या पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) घेतला कोल्हापुरात आणि पहिल्याच पावसात त्याचा पडदा पांढरा पडला. कोल्हापूरचे सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कर्नाटकाचा पिनकोड आमच्याकडे येत नाही, हुबळीवाले म्हणतात बिल महाराष्ट्राचं आहे. तुमची कंपनी कुठली माहीत नाही, खरं ही दोन्ही वाक्यं मी बेळगावात बसून शब्दाला शब्द ऐकलेली आहेत. म्हणून एवढं लांब लिहिते.

बसवायचं कसं, अ‍ॅप कसं जोडायचं यात मी पडत नाही, ते डब्यातल्या कागदावर असतं.

भांडायच्या आधी एक करून बघा. पडदा पांढरा आहे म्हणजे त्याला वीज मिळतेय, चित्र तेवढं पोचत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याची चपटी केबल दाराच्या भोकातून आत येऊन पडद्याच्या पाठीमागे खोचलेली असते. आपल्याकडं पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चौकटीला अडकतं, मग प्रत्येकजण ते खांद्यानं रेटून लावतो. त्या दणक्यानं केबलचं टोक हळूहळू सुटतं. सेल काढा, पडदा त्याच्या पट्टीवरून सरकवून उतरवा, टोक सरळ धरून परत नीट बसवा. बाबांना जमत नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा, त्याला अशा केबलींची सवय असते. केबल पिळली जाऊ देऊ नका आणि वॉरंटीचं सील कुठं लावलंय ते आधी बघून घ्या. मी काही इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही, खरं माझ्या माहितीतले दोन व्ह्यूअर असेच सुरू झालेत.

नाही झालं तर पुढचं वाचा. आमचं खरं नुकसान तिथं झालं, आणि ते यंत्राच्या किमतीचं नव्हतं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, जुनं, दार थेट गल्लीत उघडणारं. दुपारी घरात सासूबाई एकट्या. दागिने आणि पितळेची भांडी पॉलिश करून देतो म्हणणारा एकजण आला. सासूबाईंनी पडद्यावर बघितलं, आतूनच नको म्हणून सांगितलं, तो गेला. व्ह्यूअरच्या मेमरी कार्डावर त्याचा चेहरा स्वच्छ आला होता. पलीकडच्या गल्लीत एका आजींच्या पाटल्या त्याच दुपारी गेल्या. आजींनी लाजेखातर घरातसुद्धा लवकर सांगितलं नाही. गल्लीत बोभाटा झाला तोवर आमचा व्ह्यूअर बिघडून सर्व्हिस सेंटरच्या वाटेवर होता.

आणि कार्ड त्याच्या आतच. पाठवताना मी मुद्दाम विचारलं होतं, मेमरी कार्ड काढून ठेवू का? तिकडून उत्तर आलं, कार्डाशिवाय टेस्टिंग होत नाही, डब्यातल्या सगळ्या वस्तूंसकट पाठवा, नाहीतर वॉरंटी धरणार नाही. पोलीस चौकशीला आल्यावर लगेच फोन केला की ओ, कार्ड बाजूला काढून ठेवा, पोलिसांना हवंय. "नोट केलंय मॅडम." मग दुसऱ्या माणसाचा फोन, त्याला काहीच माहीत नाही, परत पहिल्यापासून सांगा, यंत्राच्या मागचा नंबर वाचून दाखवा. यंत्र तुमच्याकडं, नंबर मी कुठून वाचू? शेवटी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. डबा परत आला तेव्हा जॉब शीटवर लिहिलं होतं, आत ओलावा, वॉरंटी लागू नाही. कार्ड फॉरमॅट करून कोरं. पडदा होता तसाच पांढरा. आजींच्या पाटल्यांचं पुढं काय झालं ते विचारू नका.

तेव्हा दादा, कुणी काहीही सांगो, कार्ड घरी ठेवायचं. टेस्टिंगला त्यांच्याकडं कार्डं असतात. फारच अडून बसले तर नवं कोरं स्वस्तातलं कार्ड घालून द्या. यंत्र पॅक करताना सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लेन्सच्या आत वाफ नाही हे दिसेल असा एक जवळून. फोनवर बोलणं झालं की तेच दोन ओळींत ईमेल करा, "आत्ता आपण असं सांगितलंत" म्हणून. तोंडी बोललेलं तिथं कुणालाच आठवत नाही.

आता राज्याचं. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो म्हणजे महाराष्ट्र, २९ ने म्हणजे कर्नाटक. हुबळीवाले ते दोन आकडे बघूनच हात वर करतात. पण ते आकडे कराच्या हिशोबाचे आहेत, वॉरंटीशी त्यांचा संबंध नाही. वॉरंटी कार्डावर "फक्त अमुक राज्यात" असं छापलंय का ते वाचा. छापलं नसेल तर तेवढंच विचारा, हे कुठं लिहिलंय ते दाखवा. आमच्याकडं दाखवायला कुणाकडंच काही नव्हतं. बेळगावहून कोल्हापूर आणि हुबळी, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. मधल्या माणसानं जायचं कुठं?

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, मराठीतही बोलता येतं. आमचं गाडं तिथं तक्रार गेल्यावर हललं आणि यंत्र बदलून मिळालं. तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सोय अशी आहे की तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाता येतं, खरेदी कुठं केली ते आडवं येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. बिल तुमच्या नावावर असेल तर पुण्यात करा, बाबांच्या नावावर असेल तर निपाणी बेळगाव जिल्ह्यात येते. मी वकील नाही, कागद एखाद्या जाणत्याला दाखवूनच पुढं जा. पुढच्या वेळी मात्र बिल कुणाच्या नावावर करायचं ते दुकानात उभं असतानाच ठरवा, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

पोलिसांना चित्रण देण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे नक्कल देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. जुन्या ६५ब कलमावर जालन्याच्या निवडणुकीतला अर्जुन खोतकरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२० च्या त्या निकालात म्हटलंय की मालकानं मूळ यंत्र स्वतः हजर करून साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, नकलेला मात्र हवंच. घरगुती भाषेत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली क्लिप तपासाला उपयोगी पडेल, कोर्टात मूळ कार्डाला वजन. काही संशयास्पद दिसलं की त्याच दिवशी कार्ड काढून पाकिटात घाला आणि यंत्रात दुसरं घाला. नाहीतर कार्ड भरल्यावर यंत्र जुन्यावरच नवं लिहीत जातं. पोलिसांना देताना पोच घ्या. आणि तारीख तपासा! सेल संपले की बऱ्याच व्ह्यूअरचं घड्याळ मागं कुठल्यातरी वर्षावर जाऊन बसतं, मग आजचा माणूस चित्रणात पाच वर्षांपूर्वीचा दिसतो.

नवीन घ्यायची वेळ आली तर माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घ्या. आई-बाबांसाठी वाय-फायचा घेऊ नका. तुम्हाला पुण्यात मोबाईलवर दिसावं असं वाटतं, ते समजतं. खरं लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की अ‍ॅप बंद, आणि मग आईंना वाटतं कॅमेराच मेला. दाराशी कोण आहे हे बघायचंय कुणाला? त्यांना. एक बटण, चार इंचांच्या आसपास पडदा आणि बाजारात कुठंही मिळणारे पेन्सिल सेल. अल्कलाइन घ्या, साधे लवकर बसतात. हट्टानं वाय-फायचाच घ्यायचा असेल तर राउटरला छोटा बॅकअप लावा आणि २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा, यातले बहुतेक त्याच्यावरच जोडले जातात.

हालचालीवर आपोआप फोटो काढणारा सेन्सर असेल तर गल्लीतल्या घराला तो शाप आहे. माणूस, म्हैस, स्कूटर, सगळ्यांचे फोटो, आणि महिनोनमहिने चालायचे सेल आठवड्यांत खलास. कमी संवेदनशीलतेवर ठेवा. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो. एप्रिल-मेच्या दुपारी भिंतसुद्धा अंगाएवढी तापली की त्याला माणूस लवकर कळत नाही. नेमक्या त्याच वेळी म्हातारी माणसं एकटी असतात, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. घंटा वाजली की बघायचं, एवढीच सवय लावा.

बाहेर लोखंडी जाळीचं दार असेल तर रात्री फजिती होते. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे समोरच्या गजावर आपटून परत येतात, गज पांढराफेक आणि मागचा माणूस काळा. त्यापेक्षा बाहेर साधा दिवा लावा, आतल्या बटणाचा. पूर्वेकडं तोंड असलेल्या दाराला सकाळी हीच गत उन्हानं होते, त्याला दुकानात मिळणारा उपाय नाही, वर पत्र्याची छोटी सावली करा.

दोन फळ्यांचं जुनं दार असेल तर भोक पट्ट्यांमधल्या पातळ फळीत पाडू नका, उभ्या जाड पट्टीत पाडा. आधी दाराची जाडी मोजून दुकानात जा, प्रत्येक व्ह्यूअरच्या नळीला मर्यादा असते. सुताराला सांगा, अर्धं बाहेरून, अर्धं आतून पाड, म्हणजे कड फुटत नाही. उंची आईंच्या डोळ्यांना बघून ठरवा, तुमच्या नाही. पावसासाठी बाहेरच्या कड्याला वरून आणि बाजूनं सिलिकॉन, खाली मोकळं, आत गेलेलं पाणी निघायला वाट पाहिजे. खानापूरकडच्या पावसात याशिवाय टिकत नाही. तुमच्या निपाणीत पाऊस कमी, तरी लावा.

आणि घरात एक ठरवून ठेवा. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायला येणाऱ्यांना आमच्या सासूबाई रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, त्यांना पाठवायला सांगायची माझी छातीही नाही. म्हणून दाराला साखळी बसवली, तेवढ्या फटीतून पीठ-तांदूळ देता येतात. अनोळखी माणूस हलत नसेल तर ११२, शेजाऱ्याला नंतर.

केबलचं करून बघितलं की काय झालं ते इथं लिहा. जमलं नाही तर वॉरंटी कार्डाचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मी देते, आमचा अजून जपून ठेवलाय.