व्हिसलब्लोअर म्हणजे जागल्या, खबरी की तक्रारदार?

प्रश्न असा आलाय की शाळेसाठी मराठीत धोरण लिहायचंय, शाळेतला गंभीर गैरप्रकार, म्हणजे मुलांशी गैरवर्तन, पोषण आहाराच्या तांदळात घोळ, खोटी पटसंख्या वगैरे कोणी उघडकीला आणला तर त्या माणसाला काय म्हणायचं, 'तक्रारदार' चालेल का, आणि कमिटीतल्या एकांनी 'खबरी' सुचवलाय तो कसा वाटतो.

'खबरी' नको. गंमत म्हणजे 'खबर' हा शब्द बिलकुल वाईट नाही, एफआयआरला मराठीत प्रथम खबर अहवालच म्हणतात, पण त्याला ई लागला किंवा त्याचा खबऱ्या झाला की डोळ्यासमोर येतो तो पोलिसांकडून पैसे घेऊन टिप देणारा माणूस. कुठली शिक्षिका स्वतःला खबरी म्हणवून घेईल सांगा.

'तक्रारदार' सभ्य आहे पण अर्थ थोडा हुकतो. तक्रार आपण साधारणपणे स्वतःच्या गाऱ्हाण्याची करतो, माझा पगार अडवला, माझी बदली केली. इथे बोलणाऱ्याचं स्वतःचं काही गेलेलं नसतं, दुसऱ्याच्या मुलासाठी किंवा सरकारी तांदळासाठी तो तोंड उघडतो. म्हणून तर त्याला पहिला प्रश्न येतो तो "तुमचा काय संबंध?"

पेपरवाल्यांनी रुजवलेला शब्द 'जागल्या', आणि मला तोच आवडतो. गावात रात्री राखणीला असायचा तो जागल्या, पिकाच्या राखणीला रात्री शेतावर जाणं म्हणजे जागलीला जाणं, हे अजूनही खेड्यात ऐकू येतं. इंग्रजी शब्दात शिट्टी आहे, आपल्या शब्दात जागरण आहे, आणि मूळ भाव गावाच्या भल्याचाच आहे, चहाडीचा वास नाही. अडचण एकच, व्याकरणाची. बाई असेल तर काय? 'जागली' म्हटलं तर ती राखण झाली, आणि 'त्या जागल्या' म्हटलं की कोणीतरी बायका रात्रभर झोपल्या नाहीत असं वाटतं 🙂 शाळांमधून शिक्षिकाही पुष्कळ, त्यामुळे शीर्षकात 'जागल्या संरक्षण धोरण' खुशाल लिहा, पण कलमांमध्ये सरळ 'माहिती देणारी व्यक्ती' ठेवा, कोणालाही कळतं.

आता न विचारलेलं सांगतो, कारण अशा धोरणांत खरा घोटाळा दुसऱ्याच शब्दांनी होतो. 'गोपनीय' आणि 'निनावी' हे एक नाहीत. गोपनीय म्हणजे माहिती घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाव माहीत आहे पण तो ते बाहेर सांगणार नाही, निनावी म्हणजे नावच नाही. सरकारी साच्यातलं "निनावी तक्रारीची दखल घेतली जाणार नाही" हे वाक्य लोक डोळे झाकून उचलतात. 2014 च्या जागल्या संरक्षण कायद्यातही नाव नसलेल्या माहितीवर कारवाई नाही, पण तो कायदा सरकारी नोकरांच्या कारभारापुरता, आणि मंजूर होऊन इतकी वर्षं झाली तरी लागू केलेला नाही. शाळेत तक्रारपेटी ठेवायची असते, तिच्यात चौथीतलं पोर खाली सही करून चिठ्ठी टाकणार आहे का? ते वाक्य ठेवलंत तर पेटी नुसती भिंतीवर लटकणार.

दुसरा शब्द 'शहानिशा'. "प्रथम शाळा स्तरावर शहानिशा करून आवश्यकता वाटल्यास पोलिसांना कळवण्यात येईल", किती समंजस वाटतं ना ऐकायला? तांदळाच्या पोत्यांबाबत एकवेळ ठीक, आधी स्टॉक रजिस्टर बघा. पण मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबाबत हे वाक्य थेट कायद्याच्या विरुद्ध जातं. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 म्हणतं की गुन्हा झाला आहे हे माहीत असेल, किंवा होण्याची शक्यता आहे अशी नुसती भीती असेल, तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि ते कोणीही, फक्त मुख्याध्यापकांनी नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले त्याच्या मागेही हेच होतं, वेळेवर कळवलं नाही म्हणून तिथे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही हे त्याच कलम 19 मध्ये आहे, ते मात्र स्टाफरूममध्ये कोणी सांगत नाही.

तर तुमच्या मसुद्यासाठी मी असं लिहीन, पटलं तर घ्या: "मुलाच्या सुरक्षिततेबद्दल शंका आलेली कोणतीही व्यक्ती थेट पोलिसांना किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवू शकते, लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. माहिती देणाऱ्या व्यक्तीचं नाव गोपनीय राहील. निनावी माहितीचीही दखल घेतली जाईल. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्ध असेल तर ती त्यांच्याकडे न देता शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी." शेवटचं वाक्य कमिटीत कोणीतरी गाळायला सांगेल बघा, पण ते ठेवाच.