कार्बोनेटची तीन चित्रं, मग खरं कुठलं?

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची, बारावी सायन्सला आहे. कार्बोनेट आयनची तीन चित्रं काढायला लावतात, प्रत्येकात डबल बॉन्ड वेगळ्या ऑक्सिजनला आणि मध्ये दोन टोकांचा बाण. क्लासमध्ये सांगितलं "इलेक्ट्रॉन फिरत राहतात", म्हणजे डबल बॉन्ड एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो का? मैत्रीण म्हणते उड्याबिड्या काही नाही, तिन्ही प्रकारचे आयन मिसळलेले असतात. कोणाचं बरोबर?

उत्तर: नाय गो, दोघींचंही नाही. पण राग मानू नकोस, ही चूक चित्रच करायला लावतं.

आधी चित्र तीन का लागतात ते बघ. कार्बनचे 4, तीन ऑक्सिजनचे मिळून 18 आणि उणे 2 चार्जमुळे वरचे 2 असे 24 इलेक्ट्रॉन वाटायचे, सगळ्यांचं अष्टक (प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन) भरायचं तर कुठल्यातरी एका ऑक्सिजनला डबल बॉन्ड द्यावाच लागतो. कुठल्या? तिघंही सारखेच, त्यामुळे आपण तीनदा काढतो. म्हणजे अडचण आयनची नाही, आपल्या रेघांची आहे. एक रेघ म्हणजे दोन अणूंमधली एक जोडी एवढंच त्या पद्धतीला सांगता येतं, चार अणूंनी मिळून धरलेली जोडी दाखवायची सोयच नाही तिच्यात.

आता तिसऱ्यांची (शिंपल्यांतल्या त्या मासळीची) आमटी झाली की ताटाच्या कडेला ज्या शिंपल्या उरतात ना, त्यातली एक हातात घे. ती जवळपास सगळी कॅल्शियम कार्बोनेटच. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक एक्स-रेने तपासले की कार्बन ते ऑक्सिजन अंतर येतं सुमारे 128 पिकोमीटर, आणि तिन्हीकडे तेवढंच. साधा सिंगल बॉन्ड साधारण 143 चा, डबल 121 च्या आसपास. तुझी मैत्रीण म्हणते तसं असतं तर प्रत्येक आयनात एक बॉन्ड आखूड आणि दोन लांब असते, तसं काहीच सापडत नाही. (143 आणि 121 ची सरासरी काढत बसू नकोस, ती जुळणार नाही, कारण 143 हा आकडा अल्कोहोलसारख्या वेगळ्या कार्बनचा आहे.)

मग आहे काय? चारही अणू एकाच पातळीत बसलेत, ऑक्सिजन एकमेकांपासून 120 अंशांवर. प्रत्येकाचं एक पी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याची डंबेलसारखी जागा, त्या पातळीला काटकोनात उभं असतं आणि मधल्या कार्बनचं तिन्ही शेजाऱ्यांना एकदमच भिडतं, कुणा एकाला निवडत नाही. डबल बॉन्डमधली ती जास्तीची जोडी या चौघांवर मिळून पसरते, यालाच डीलोकलायझेशन म्हणायचं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा जाळं नक्की कुणाच्या हातात असतं सांग बघू? आणि मासळीचे जसे वाटे पडतात तसे इथेही पडतात, उणे 2 चार्ज तिघांत म्हणजे प्रत्येकी उणे 2/3, एक जास्तीचा बॉन्ड तिघांत म्हणजे प्रत्येक बॉन्ड 1 पूर्णांक 1/3. फरक एवढाच की रापणीत आधी मासळी येते मग वाटे होतात, इथे पहिल्यापासून वाटलेलंच आहे, वाटायच्या आधीची अशी कुठली वेळच नसते. म्हणून उड्या किती वेळा हा प्रश्नच उरत नाही.

गोंधळ वाढवतं ते नाव. रेझोनन्स म्हटलं की फिजिक्समधलं कंपन आठवतं, मराठी पुस्तकात तर संस्पंदन, म्हणजे काहीतरी थरथरतंय असंच वाटणार. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने 1930 च्या दशकात हा शब्द रसायनात रुजवला, माझ्या मते तिथेच विद्यार्थ्यांचं नशीब फिरलं. बाणाचंही तसंच, एकाच रेघेला दोन टोकं असली की रेझोनन्स, दोन उलटसुलट बाण असले की समतोल, आणि समतोलात खरोखर एकाचं दुसरं होतं. पेपरात हे दोन अदलाबदल केलेस तर मार्क गेलेच.

नायट्रेटमध्येही 24 च इलेक्ट्रॉन, हिशोब तोच, फक्त एकूण चार्ज उणे 1 आणि नायट्रोजनवर अधिक 1 लिहायचा. नायट्राइटमध्ये ऑक्सिजन दोनच म्हणून बॉन्ड दीड दीड.

प्रश्न: देवगडहून विचारतो, आमचा कोकमाचा घरगुती धंदा आहे. मुलगा म्हणतो आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) आंबटपणातपण रेझोनन्स आहे. थापा मारतो का?

उत्तर: अजिबात नाही, हुशार आहे पोरगा! कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड असतं, त्यात कार्बोक्सिल गट असतात, म्हणजे एका कार्बनला दोन ऑक्सिजन आणि त्यातल्या एकाला हायड्रोजन. असा गट हायड्रोजन आयन सोडतो तेव्हा मागे राहिलेला उणे चार्ज एका ऑक्सिजनच्या डोक्यावर बसत नाही, दोघांवर अर्धा अर्धा पसरतो, त्यामुळे सोडणं परवडतं. अल्कोहोलमध्येही ऑक्सिजनला हायड्रोजन असतोच, पण तो गेला तर चार्ज एकट्या ऑक्सिजनला सांभाळावा लागतो. फरक बघा केवढा पडतो, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा पीकेए (हा आकडा जितका लहान तितका हायड्रोजन आयन सहज सुटतो) 4.76 आणि साध्या इथेनॉलचा 16 च्या जवळ, आणि इथे एकेक आकडा म्हणजे दहा पट. चार्ज वाटला जाणं हे त्याचं एकमेव कारण नाही, पण मोठं आहे. आगळाचे चार थेंब शिंपलीवर टाकून बघायला सांगा मुलाला, फेस येईल, तो कार्बोनेट मोडून निघालेला कार्बन डायऑक्साइड.