व्हिलाचे सगळे पैसे यूपीआयने आधीच मागतायत, फसवणूक झाली तर परत मिळतात का?

स्वतः पिन टाकून पाठवलेत ना, मग परत मिळतील असं धरून चालूच नका. माझे 18,000 गेलेत म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी नाताळात आम्ही घरचे अकरा जण नागावला निघालो. मी अ‍ॅपवर बंगला बघून ठेवला होता, पण दीर म्हणाले, वहिनी कमिशन कशाला भरायचं, तोच बंगला एका पेजवर आहे, मालकाशी डायरेक्ट बोलू, अडीच हजार वाचतात. त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, आधार कार्ड, लोकेशन सगळं पाठवलं. पैसे भरताना स्क्रीनवर नाव मात्र भलत्याच बाईचं आलं. मी तेव्हाच बोलले, तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे. भरले.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून नागाव, दुपारी दीडला गेटवर. बंगला हुबेहूब तोच, फोटोतला पिवळा झोपाळासुद्धा. केअरटेकर काकांनी आतून वही आणली, आमच्या तारखेसमोर पुण्याच्या कुणाचं तरी नाव. म्हणाले, ताई, या महिन्यात असे आलेले तुम्ही तिसरे. सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या, गुडघे धरून, उन्हात. ते काही डोळ्यांसमोरून जात नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन सहा दिवस झालेले, त्या खात्यात काही उरलंच नव्हतं. बँक म्हणाली व्यवहार तुम्हीच केलाय. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा तीन कामाच्या दिवसांत कळवायचा नियम सगळे सांगतात, तो तुमच्या नकळत पैसे गेले तर, आपण होऊन पाठवलेत त्याला नाही.

क्रेडिट कार्डाने भरा, चार्जबॅक, म्हणजे बँकेकडून व्यवहार उलटवून पैसे परत, मागता तरी येतो, मिळेलच असं नाही. एअरबीएनबीवर मालकाला पैसे साधारण चेक-इननंतर 24 तासांनी सोडतात, कमिशन आपण त्याचंच देतो. पण तिथे ओळख काढून बाहेर पैसे दिलेत तर ते संरक्षण गेलं.

आता कोकणात घरगुती सोय करणारे बरेच जण यूपीआयच घेतात आणि माणसं चांगली असतात, गुहागरला आम्ही तसेच राहिलो. तिथे व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, थोडं टोकन द्या, बाकी पोचल्यावर. सगळे आधी मागणारा नकोच.

दीर अजून म्हणतात नशीब वाईट. नशीब कसलं, नाव वेगळं दिसत होतं आणि मी बोलले होते.