दोन स्क्रीनवर एकच रंकाळा: वॉलपेपरबद्दलचे तुमचे प्रश्न

दुसरा मॉनिटर आता कोल्हापुरात घरोघरी दिसतोय, फ्लेक्सवाल्यांकडं, सीएच्या ऑफिसात, शिरोलीच्या कारखान्यात, आणि तो जोडला की पहिला प्रश्न येतो तो वॉलपेपरचा. आलेल्या पत्रांतली चार या वेळी घेतलीत.

प्रश्न: माझं लक्ष्मीपुरीत फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. 21.5 इंची फुल एचडी मॉनिटर आहे आणि त्याच्या डाव्या बाजूला जुना 18.5 इंची. रंकाळ्याचा संध्याकाळचा फोटो मोबाइलवर काढलाय, लई भारी आलाय, तो दोन्हीवर मिळून एकच पसरवायचा आहे पण दोन्हीकडं तोच तोच दिसतोय. मित्रानं कसातरी पसरवून दिला तर पाण्याची रेघ मधेच तुटली, एकीकडं वर एकीकडं खाली. विंडोज 10 आहे.

उत्तर: दादा, दोनदा दिसतोय त्याचं उत्तर एका ओळीत आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, पर्सनलाइझ, बॅकग्राउंड, आणि फोटोच्या खाली जी 'फिट'ची यादी आहे त्यात 'फिल' असेल ते काढून 'स्पॅन' करा. ही सोय 2012 च्या विंडोज 8 पासून आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

रेघ तुटते ते मात्र नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथंच आहे. कॉम्प्युटरला तुमच्या मॉनिटरचे इंच दिसत नाहीत, तो फक्त पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, मोजतो. तुमचा मोठा मॉनिटर 1920 बाय 1080 आणि छोटा बहुतेक 1366 बाय 768. पट्टी लावून बघा, दोघांच्या उंचीत जेमतेम दीड इंचाचा फरक निघेल, पण पिक्सेलच्या हिशोबात छोटा तब्बल 312 ओळींनी बुटका आहे. म्हणजे फोटोच्या 312 ओळी छोट्या स्क्रीनच्या बाजूला कुठंच दिसणार नाहीत, आणि त्या वरच्या जाणार का खालच्या हे वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये ठरत नाही, ते ठरतं डिस्प्ले सेटिंगमध्ये जे 1 आणि 2 नंबरचे चौकोन दिसतात ना, ते एकमेकांशेजारी कसे ठेवलेत त्यावर. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की फोटोला हात लावायच्या आधी चौकोन लावा.

कसे लावायचे? फोटोत पाण्याची रेघ मोठ्या स्क्रीनवर जिथं येते त्या उंचीवर माउसचा बाण ठेवा आणि सरळ आडवा छोट्या स्क्रीनवर न्या. बाण त्याच उंचीवर निघाला तर जमलं, वर किंवा खाली उडी मारून निघाला तर छोटा चौकोन थोडा वरखाली सरकवा, अप्लाय करा, परत बाण फिरवून बघा. रेघ जुळली म्हणजे झालं.

पण फक्त आडवी रेघच जुळेल हं. तुमच्या मोठ्या मॉनिटरवर एका इंचात साधारण 102 पिक्सेल बसतात आणि छोट्यावर 85, त्यामुळं तीच वस्तू छोट्यावर 1.2 पट मोठी दिसते. पाण्याच्या रेघेला त्याचं काही नाही पण रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस जर बरोबर दोन स्क्रीनच्या जोडावर आला तर अर्धा लहान अर्धा मोठा असा दिसणार. पन्हाळ्याच्या तटबंदीसारखी तिरकी ओळ असेल तर तीही जोडावर तुटणार. पॅलेस पूर्ण एका स्क्रीनवर घ्या, जोडावर पाणी आणि आभाळ येऊ द्या.

फोटोचा आकारही बघा. मोबाइलचा फोटो 4000 बाय 3000 असेल तर तुमच्या दोन स्क्रीनचं मिळून 3286 बाय 1080 होतं, त्या लांब पट्टीत बसवताना 3000 ओळींपैकी साधारण 1315 च राहतात, निम्म्याहून जास्त फोटो जातो आणि काय जावं हे विंडोज ठरवतं. तुम्ही तर डिझाइनवाले, 3286 बाय 1080 ची फाइल स्वतःच करा, डावीकडून 1366 पिक्सेलवर एक गाइड टाका, तो तुमचा जोड. पुढच्या वेळी फोटो काढताना सरळ पॅनोरमा मोडच वापरा.

मॉनिटरच्या मधल्या काळ्या कडांचंही तसंच. दोन्ही कडा मिळून 2 सेंटीमीटर असतील तर फुल एचडीच्या हिशोबात ते 80 पिक्सेल झाले, जोडाच्या ठिकाणी फोटोतली तेवढी पट्टी कापून टाकली की खिडकीच्या गजामागं बाहेरचं दृश्य सलग दिसतं तसं दिसायला लागतं. एवढं सगळं हातानं नको असेल तर सुपरपेपर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात मॉनिटरचे इंच आणि कडांची रुंदी भरली की ते हा हिशोब करतं.

प्रश्न: शाहूपुरीत सीएच्या ऑफिसात काम करते. विंडोज 11 चा लॅपटॉप आणि एक मॉनिटर आहे. मला लॅपटॉपवर मुलीचा फोटो हवाय आणि मॉनिटरवर साधं काहीतरी, तिथं दिवसभर टॅली उघडं असतं. काहीही केलं तरी दोन्हीकडं मुलगीच येते. शिवाय फोटो पुसट दिसतो.

उत्तर: ताई, बॅकग्राउंडच्या पानावर फोटोवर नुसतं क्लिक केलं की तो सगळीकडं लागतो. आधी दोन्ही फोटो 'ब्राउज' करून तिथल्या छोट्या चौकटींत आणा, मग चौकटीवर राइट क्लिक करा, 'सेट फॉर मॉनिटर 1', 'सेट फॉर मॉनिटर 2' असं येतं. कुठला एक आणि कुठला दोन ते कळत नसेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'आयडेंटिफाय' दाबा, स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो. हा पर्यायच येत नसेल तर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि 'डुप्लिकेट' असेल तर 'एक्स्टेंड' करा, डुप्लिकेटमध्ये दोन्ही स्क्रीन एकच धरल्या जातात. आणि पर्सनलायझेशनचं पानच बंद, करड्या रंगात दिसत असेल तर बहुतेक विंडोज ॲक्टिव्हेट केलेलं नाही किंवा ऑफिसनं कुलूप लावलंय, तेव्हा आधी ऑफिसात विचारा.

पुसट दिसतो म्हणजे फोटो व्हॉट्सॲपवरून आला असणार, तिथं तो लहान होऊनच येतो. घरच्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. विंडोज स्वतःही जेपीजी फोटो वॉलपेपर करताना पुन्हा थोडा दाबतं, म्हणून मूळ फोटो जितका चांगला तितकं बरं. टॅलीच्या स्क्रीनला तुम्ही साधं मागताय ते मला फार पटलं, तिथं गडद एकरंगी ठेवा, डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं वाचताना डोळ्याला त्रास होत नाही. फोटो न निवडता 'सॉलिड कलर' निवडला तर मात्र तो दोन्हीकडं लागतो, म्हणून पेंटमध्ये त्या रंगाची एक फाइल करून तीच मॉनिटर 2 ला लावा.

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत ड्रॉइंग सेक्शनला अजून विंडोज 7 चं मशीन आहे, दोन फुल एचडी मॉनिटर, मेन मॉनिटर उजवीकडं. त्यात स्पॅन दिसतच नाही.

उत्तर: विंडोज 7 मध्ये ते नव्हतंच, पण जुनी युक्ती आहे. दोन्हीच्या मापाची म्हणजे 3840 बाय 1080 ची एकच फाइल करायची आणि यादीतून 'टाइल' निवडायचं, त्यात चित्र फरशीसारखं शेजारी शेजारी लागत जातं. तुमच्याकडं एक अडचण येईल, टाइल नेहमी मेन मॉनिटरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते, आणि तुमचा मेन उजवीकडं असल्यामुळं चित्राचा डावा अर्धा भाग उजव्या स्क्रीनवर जाईल आणि उजवा अर्धा डावीकडं. म्हणून फाइल करतानाच दोन अर्धे भाग अदलाबदल करून ठेवा, म्हणजे स्क्रीनवर सरळ दिसेल. मेन मॉनिटर डावीकडचा केला तर ही अदलाबदल लागत नाही, पण मग टास्कबारही तिकडं जातो. आणि वॉलपेपरपेक्षा महत्त्वाचं, विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपलाय, ते मशीन इंटरनेटला जोडलेलं ठेवू नका, ड्रॉइंग पेन ड्राइव्हनं न्यायचे तर पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, उबंटू वापरतो, दोन मॉनिटरवर वेगवेगळे फोटो लावायची सोय सापडत नाही.

उत्तर: तुझ्या उबंटूवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप असणार, त्याच्या सेटिंगमध्ये ती सोय नाही म्हणून सापडत नाही. हायड्रापेपर नावाचं सॉफ्टवेअर टाक, ते दोन फोटोंचं एक मोठं चित्र बनवून पसरवतं. किंवा स्वतः गिंप या फोटो एडिटरमध्ये दोन्ही फोटो शेजारी ठेवून एक फाइल कर आणि ग्नोमच्या ट्वीक्स या ॲपमध्ये 'स्पॅन्ड' निवड. ग्नोमऐवजी केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असशील तर ज्या स्क्रीनवर राइट क्लिक करशील तिचाच वॉलपेपर बदलतो, आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये डेस्कटॉप सेटिंगची विंडो ओढून त्या मॉनिटरवर नेलीस की तिथून फक्त त्याचाच बदलता येतो.